दोन दातांमधली भांगलण

मटणाचा रस्सा ओरपून झाला, हात धुतले, गल्ल्यावर पैसे दिले की हात आपोआप बडीशेपेकडे आणि तिथून टूथपिकच्या डबीकडे वळतो. कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गानं दक्षिणेला निघालं की वीसेक किलोमीटरवर कागल लागतं. या सगळ्या पट्ट्यातल्या खानावळींत हे ठरलेलं असतं. टूथपिक नसेल तर आगपेटीची काडी, तीही नसेल तर उदबत्तीची. बायकांच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन असते, पुरुषांच्या खिशात गाडीची किल्ली असते. मटणाचा तंतू, मक्याच्या कणसाचं साल, भाजलेल्या शेंगांची टरफलं, गळिताच्या हंगामात दातानं सोलून खाल्लेल्या उसाच्या चोयट्या. दाढेत अडकायला इथल्या खाण्यात पुष्कळ काही आहे.

तेव्हा दोन दातांमधली जागा साफ करावी लागते, हे कागलच्या माणसाला कुणी सांगायला नको. तो ती करतोच. प्रश्न आहे तो काय काढायचं, कशानं काढायचं आणि केव्हा काढायचं याचा. आपण अडकलेलं काढतो, साचलेलं काढत नाही. अडकलेलं टोचतं, जिभेला तिथून हलू देत नाही. साचलेलं काहीच जाणवू देत नाही. हिरड्या सुजतात, दात हलायला लागतात किंवा दोन दाढांच्या मधोमध कीड लागते, ती बहुतेक वेळा या न जाणवणाऱ्या थरामुळे.

ब्रश कुठं पोचत नाही

प्रत्येक दाढेला पाच बाजू असतात. एक गालाकडची, एक जिभेकडची, एक चावण्याची आणि दोन शेजारच्या दातांना टेकलेल्या. ब्रश कितीही भारी असो आणि आपण कितीही वेळ घासू, त्याचे केस पहिल्या तीन बाजूंवरून फिरतात. शेजारच्या दाताला टेकलेल्या दोन बाजू बहुतांशी तशाच राहतात. शेतात कोळपं सरीतून फिरतं, पण दोन रोपांच्या मधलं तण तसंच उभं असतं. ते काढायला खुरपं घेऊन भांगलणच करावी लागते. दातांचंही तसंच आहे. ब्रश म्हणजे कोळपणी, आणि भांगलण आपल्याकडे होतच नाही.

दोन दात जिथं एकमेकांना टेकतात, त्या बिंदूच्या खाली एक छोटा त्रिकोण असतो. तरुण, निरोगी तोंडात तो हिरडीच्या टोकानं पूर्ण भरलेला असतो. हे टोक नाजूक असतं आणि सूज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. दातांवर सतत एक चिकट थर धरत असतो. त्याला प्लाक म्हणतात. ते नुसते अन्नाचे कण नव्हेत. दाताला घट्ट चिकटून, स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात राहणारी ती जिवाणूंची वस्ती असते. चूळ भरून अन्नाचे सुटे कण निघून जातात, ही वस्ती हलत नाही. तिला घासूनच उठवावं लागतं. उठवली नाही तर काही दिवसांतच लाळेतली खनिजं तिच्यात बसू लागतात आणि तिचं कडक किटण होतं. एकदा किटण धरलं की ते ना ब्रशनं निघतं, ना दोऱ्यानं. त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडेच जावं लागतं.

थर साचला की नेमकं काय होतं, हे 1965 साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथं हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ करून पाहिलं. निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. 10 ते 21 दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात सूज उतरली. थरामुळे सूज येते आणि थर काढला की ती जाते, हे एवढ्या स्पष्टपणे तोवर कुणी दाखवलेलं नव्हतं. म्हणजे या टप्प्यावरचा आजार पूर्ण मागे फिरवता येतो. पुढच्या टप्प्यावर मात्र हिरडीखालचं हाड झिजतं, आणि ते सहसा आपोआप भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मौखिक आरोग्य अहवालानुसार हिरड्यांचा तीव्र आजार जगात 100 कोटींहून अधिक लोकांना आहे.

या आजाराची अडचण अशी की तो दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडी नुसती लाल होते, ब्रशला थोडं रक्त लागतं, सकाळी तोंडाला वास येतो. एवढ्यासाठी कामावरचा खाडा कोण करणार? मग चाळिशी-पन्नाशीत दात हलायला लागले की वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. घरात आई-वडिलांचे दात असेच गेलेले असतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नाही.

काडी जुनी, दोरा नवा

दात कोरण्याची सवय माणूसपणाइतकीच जुनी आहे. जॉर्जियातल्या दमानिसी इथं सापडलेल्या सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीच्या मानवी जबड्यांत काडीनं कोरल्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या आहेत. निअँडरथल माणसांच्या दातांच्या फटींतही तसेच घासलेले चर आढळतात. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात टोक चावून मऊ केलेल्या काडीनं दिवसातून दोनदा दात घासायला सांगितलं आहे, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असंही बजावलं आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी आणि शेणीची राखुंडी ही कागलच्या जुन्या पिढीची रोजची साधनं. चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं एकाच कडीत ओवून जवळ बाळगणारी माणसंही होती.

या साधनांनी दातांची दर्शनी बाजू घासली जाई आणि अडकलेला तुकडाही निघे. फटीतला थर काढण्याचा विचार त्या मानानं अलीकडचा आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी 1819 च्या आपल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवायला सांगितलं. 1882 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीनं दातांसाठी रेशमी दोरा विकायला काढला. 1898 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं त्याचं पेटंट घेतलं. ही कंपनी जखमा शिवण्यासाठी रेशमी दोरा बनवत असे, त्यातूनच हा दातांचा दोरा निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम मिळेना, तेव्हा नायलॉन आलं. आज फ्लॉस म्हणून मिळतो तो बहुतेक नायलॉनचा किंवा तशाच कृत्रिम धाग्याचा असतो.

1960 च्या दशकात आणखी दोन गोष्टी घडल्या. 1962 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जेराल्ड मॉयर या दंतवैद्यानं जॉन मॅटिंगली या इंजिनिअरच्या मदतीनं पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं फटी धुणारं यंत्र तयार केलं. 1965 मध्ये स्वीडनमधल्या माल्मो शहरात हेनिंग एकलुंड या लाकूड कोरणाऱ्या कारागिरानं तिथल्या दंत महाविद्यालयाच्या सांगण्यावरून त्रिकोणी टूथपिक घडवली. दातांमधली जागा त्रिकोणी, म्हणून काडीही त्रिकोणी. त्यातून उभी राहिलेली टेपे ही कंपनी पुढे फटीत घालायच्या बारीक ब्रशांसाठी जगभर ओळखली जाऊ लागली.

पिन, काडी आणि मिश्री

आपल्या हातातल्या साधनांकडे जरा नीट बघू. सेफ्टी पिनचं टोक हिरडीच्या नाजूक टोकात घुसतं आणि पिन स्वच्छ नसेल तर घाणही आत नेतं. आगपेटीची काडी मऊ लाकडाची असते. ती तुटते आणि तिचा कुसळासारखा तुकडा हिरडीत राहिला तर तिथं पू धरू शकतो. खानावळीतली गोल टूथपिक एखादा तंतू काढायला ठीक आहे, पण ती दाताच्या बाजूला टेकून फिरत नाही, फक्त आरपार जाते. तिनं थर निघतो तो नावापुरता. रोज त्याच जागी जोर लावून कोरलं तर हिरडीचं टोक दबतं, झिजतं, आणि मग अन्न अडकायला आणखी जागा मिळते.

इथली खरी मोठी अडचण मात्र मिश्रीची आहे. दूधगंगा ओलांडून थोडं पुढं गेलं की निपाणी, तंबाखूची नामांकित बाजारपेठ. तव्यावर तंबाखू काळी होईतोवर भाजायची, तिची पूड करायची आणि बोटानं दात-हिरड्यांवर चोळायची, ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली, विशेषतः बायकांची, सवय. काही ठिकाणी तिला मशेरी म्हणतात. तिची सुरुवात दात घासायला म्हणून होते. हळूहळू सकाळची एक वेळ दुपारची, संध्याकाळची होते. लावली नाही तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, असं वाटू लागतं. हे व्यसन आहे. 2016-17 च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 26.6 टक्के प्रौढांनी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यातले बहुतेक जण धूर न काढणारी तंबाखू घेत होते.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठलं लेबल असणार? जिथं ती रोज चोळली जाते, तिथली हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, फटी रुंदावतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. फटीत अन्न अडकतं म्हणून पिन घ्यायची आणि दाढ ठणकते म्हणून परत मिश्री लावायची. या फेऱ्यातून बाहेर पडायचं तर आधी मिश्री सुटली पाहिजे. तोवर कुठलाही दोरा किंवा ब्रश अपुराच पडेल.

कुणासाठी काय

फटीतली स्वच्छता सगळ्यांना एकाच साधनानं होत नाही. दात घट्ट टेकलेले आणि त्रिकोण हिरडीनं भरलेला असेल, तर फ्लॉस. साधारण विशी-तिशीतल्या निरोगी तोंडाची ही स्थिती. फ्लॉस हातभर घ्यावा, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर. तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून मधे दोनेक बोटं मोकळा ठेवायचा. मागे-पुढे हलकं करवतत तो दातांमधून खाली उतरवायचा. झटक्यानं खाली दाबला तर हिरडी कापली जाते. खाली गेल्यावर एका दाताला बाजूनं अर्धवर्तुळासारखा कवटाळायचा, हिरडीच्या कडेखाली अगदी थोडा सरकवायचा आणि वर-खाली तीन-चारदा घासायचं. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला. प्रत्येक फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यायचा. दोरा नुसता फटीतून आत-बाहेर काढणं म्हणजे दोन्ही भिंती न घासता दारातून जाऊन येणं. बहुतेकांची चूक इथंच होते.

हिरडी मागे सरकलेली, त्रिकोण उघडे पडलेले असतील तर फटीत घालायचा बारीक ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश. तारेभोवती केस गुंफलेले असतात. दाताच्या मुळाची बाजू थोडी खोलगट असते. दोरा तिच्यावरून ताणलेलाच राहतो, ब्रशचे केस मात्र त्या खोलगटात पोचतात. म्हणून पन्नाशीच्या, मिश्री सोडलेल्या किंवा हिरड्यांचा आजार झालेल्या माणसासाठी हा जास्त उपयोगाचा. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. जो जोर न लावता आत जातो पण आत गेल्यावर केस दोन्ही बाजूंना टेकतात, तो बरोबर. तार दाताला घासत असेल तर माप मोठं झालं. पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडून माप ठरवून घ्यावं. मागे-पुढे दोन-तीनदा फिरवून धुऊन ठेवला की तोच ब्रश पुन्हा वापरता येतो. केस झिजले किंवा तार वाकली की बदलावा.

दातांना तारा बसवलेल्या असतील, पूल बसवलेला असेल किंवा इम्प्लांट असेल तर एक टोक ताठ असलेला खास फ्लॉस किंवा पाण्याचा फवारा सोयीचा पडतो. फवारा अन्नाचे कण छान काढतो, पण चिकट थर घासून काढण्यात तो दोरा-ब्रशच्या जागी पूर्णपणे बसत नाही. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा एकमेकींना टेकू लागल्या की त्यांच्यामध्ये कीड लागायचा संभव असतो. मुलाच्या हाताला हे काम जमत नाही, म्हणून रात्री आई-वडिलांनी दांडीला ताणून बसवलेल्या दोऱ्यानं ते करावं.

हे काम दिवसातून एकदा पुरेसं आहे, आणि रात्री झोपण्याआधी केलेलं बरं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडाचं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं.

पुरावा किती पक्का?

ऑगस्ट 2016 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं एक बातमी दिली आणि जगभर गाजावाजा झाला. अमेरिकन सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून फ्लॉसची शिफारस गुपचूप वगळली गेली होती, आणि फ्लॉसच्या उपयोगाचे पुरावे कमकुवत असल्याचं त्या बातमीत म्हटलं होतं. दोरा फिरवायचा कंटाळा असलेल्यांना आयतंच निमित्त मिळालं.

वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. कॉक्रेन या संस्थेनं 2019 मध्ये 35 चाचण्या आणि 3929 माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. ब्रशला फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रशची जोड दिल्यानं हिरड्यांची सूज, थर किंवा दोन्ही आणखी कमी होऊ शकतात, आणि इंटरडेंटल ब्रश फ्लॉसपेक्षा सरस ठरू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र या पुराव्याची खात्री कमी ते अतिशय कमी असल्याचंही त्यांनी नोंदवलं. चाचण्या छोट्या आणि थोड्या दिवसांच्या होत्या. हाडाची झीज व्हायला वर्षं लागतात, ती काही आठवड्यांच्या चाचणीत कशी दिसणार?

सगळ्यात बोलकी गोष्ट मुलांवरच्या अभ्यासांची आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं की शाळेच्या दिवशी प्रशिक्षित व्यक्तीनं मुलांच्या दातांतून दोरा फिरवला, तेव्हा सुमारे पावणेदोन वर्षांत फटींमधली कीड 40 टक्क्यांनी कमी झाली. मुलांनी स्वतः फिरवला तिथं काही फरक पडला नाही. दोरा तोच, हात वेगळा. दोष साधनाचा नव्हता, पद्धतीचा होता. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानंही 2015 मध्ये, फटीत मावत असेल तिथं आधी इंटरडेंटल ब्रश आणि तो जात नाही तिथं फ्लॉस, असा क्रम सुचवला. ब्रश बरोबर वापरणं दोऱ्यापेक्षा सोपंही असतं.

मधुमेह असलेल्यांनी तर हा विषय बाजूला ठेवू नये. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात यायला वेळ लागतो. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात हिरड्यांवर उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्तातला आकडा, सरासरी 0.43 नं उतरल्याचं आढळलं, म्हणजे 8.00 चा आकडा 7.57 वर यावा इतकं. हे उपचार दवाखान्यातले होते, पण त्यांचा फायदा टिकवायचं काम रोज घरी करावं लागतं.

लोक काय म्हणतात

दवाखान्याच्या बाकड्यावर तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "क्लिनिंग केलं की दात हलायला लागत्यात." खरं तर किटणानं दातांमधल्या फटी भरलेल्या असतात आणि त्याच्या आधारानं सैल दात घट्ट वाटत असतो. किटण निघालं की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं, इतकंच. दुसरं, "दोऱ्यानं फटी वाढत्यात." फ्लॉस दात सरकवत नाही. सुजलेली हिरडी ओसरल्यावर ती आपल्या मूळ आकारात येते, आणि सुजेमागं झाकलेली मोकळी जागा दिसू लागते. तिसरं, "रक्त आलं, म्हणून सोडून दिलं." रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथं सूज असल्यामुळे. म्हणजे नेमकी ज्या जागेला सफाईची सगळ्यात जास्त गरज आहे, तीच आपण सोडून देतो.

माहिती पोचवायची तर इथं माणसं एकत्र येण्याच्या जागा कमी नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत मुलांचे दात बघतात, तिथं रात्रीच्या सफाईचा एक धडा पालकांनाही देता येईल. छत्रपती शाहू साखर कारखाना, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले कारखाने यांच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखरेसोबत हिरड्या बघायला फारसा वेळ लागत नाही. बचत गटांच्या बैठकीत आशाताई मिश्रीबद्दल बोलतील, त्याच बैठकीत पिनेऐवजी काय वापरायचं तेही दाखवावं. आणि हे नुसतं सांगून भागणार नाही. मुलांवरच्या अभ्यासानं शिकवलं ते हेच: दोरा हातात देणं पुरेसं नाही, हात धरून दाखवावं लागतं.

ज्याला आज रात्रीच सुरुवात करायची आहे, त्यानं सगळ्या तोंडाचा विचार न करता जिथं नेहमी काहीतरी अडकतं त्या एका फटीपासून सुरू करावं. रोज त्याच जागी अन्न अडकणं हीच एक खूण आहे. तिथं कीड असेल, दातांचा टेका सुटलेला असेल किंवा हिरडी बसलेली असेल. ती फट नीट जमली की शेजारची घ्यावी. पहिले काही दिवस रक्त येईल, ते हळूहळू कमी व्हायला हवं. दोन आठवडे रोज नीट साफ करूनही एखाद्या जागी रक्त थांबत नसेल, तर तिथं किटण किंवा खोल झालेली हिरडी आहे असं समजून दातांच्या डॉक्टरकडे जावं, आणि आत गेल्या गेल्या बोट ठेवून तीच जागा दाखवावी. नुसतं "दात तपासायचेत" म्हणून खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा असा रुग्ण डॉक्टरांनाही आवडतो.